एकाच घरात लॅपटॉपला १९० आणि फोनला ४० का?

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी २०० एमबीपीएसचं (सेकंदाला २०० मेगाबिट) फायबर कनेक्शन आहे. मुलाच्या नव्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट १९० दाखवते. ताईंच्या फोनवर ४०, हॉलमधल्या टीव्हीवर १५ आणि वरच्या मजल्यावर सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ६. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला थेट केबल लावलेली आहे, तरी तो ९४ च्या वर जात नाही. कंपनीचा माणूस येऊन "लाइन ओके आहे" सांगून गेला. मग राउटर बदलायचा का?

ताई, राउटर इतक्यात बदलू नका. तुम्ही दिलेल्या पाच आकड्यांतून बरंच काही कळतं, आणि त्यातले निदान तीन आकडे महागडा राउटर आणूनही जागचे हलणार नाहीत. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात केबल ओढण्याचं आणि वाय-फाय बसवण्याचं काम मी सतरा वर्षं करतोय. घरात शिरलो की ओट्यावर बसलेले आजोबा पहिला प्रश्न हाच करतात, "नातूना फोनवर पयस, मन्हावर काबर नही पयत?" (नातवाच्या फोनवर पळतं, माझ्यावर का नाही पळत?) प्रश्न अगदी बरोबर आहे. एकाच नळाचं पाणी एका घरात दोन चवींचं कसं लागेल, असंच कोणालाही वाटणार.

तुम्ही पैसे भरता ते २०० एमबीपीएस भिंतीवरच्या डब्यापर्यंत येतात. कंपनीचा माणूस तेवढंच तपासतो, म्हणून त्याचं "ओके" खोटं नसतं. डब्यापासून पुढे घरातलं प्रत्येक उपकरण राउटरशी आपापला वेगळा व्यवहार ठरवतं, आणि हा व्यवहार सेकंदासेकंदाला बदलतो. त्यात जो वेग ठरतो त्यालाच लिंक स्पीड किंवा नुसतं लिंक म्हणतात. तुमच्या घरात एक वाय-फाय नाही, जितकी उपकरणं तितके दुवे आहेत.

लिंक कशावर ठरते? आधी उपकरणाच्या पोटात काय बसवलंय त्यावर. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा वाय-फाय ६ चं, म्हणजे नव्या पिढीचं कार्ड आणि दोन अँटेना असतात. घरातलं वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. ५ च्या पट्ट्यात ८० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट मिळाली की असं कार्ड १२०१ एमबीपीएसपर्यंत लिंक धरतं. आधीच्या पिढीचा, वाय-फाय ५ वाला, एकच अँटेना असलेला फोन तेवढ्याच रुंदीवर ४३३ वर थांबतो. आणि स्वस्तातले कितीतरी फोन आजही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, त्याहून जुन्या, २००९ साली आलेल्या 'एन' मानकावर चालतात. एक अँटेना, २० मेगाहर्ट्झची रुंदी, म्हणजे सगळं उत्तम असताना लिंक ७२.

आता ही लिंक म्हणजे हातात पडणारा वेग नव्हे. वाय-फायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटरने माहितीचं एक पाकीट पाठवायचं, फोनने "मिळालं" म्हणायचं, मग थोडं थांबायचं, हवा मोकळी आहे का ऐकायचं, मग पुढचं पाकीट. या येरझाऱ्यांत जवळपास अर्धा वेळ जातो. माझ्या अनुभवात लिंकच्या ५० ते ६० टक्के वेग हाती आला तर काम चांगलं झालं असं समजायचं. ७२ चे ५५ टक्के काढा, ४० येतात. तुमच्या फोनचा आकडा हाच आहे. तो फोन बिघडलेला नाही, त्याच्या परीने तो जोरात पळतोय.

हे ताडून बघायला पैसे लागत नाहीत. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून वाय-फायमध्ये जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबा. बहुतेक फोनमध्ये तिथे 'लिंक स्पीड' आणि 'फ्रिक्वेन्सी' अशा दोन ओळी दिसतात. ६५ किंवा ७२ आणि २.४ गिगाहर्ट्झ दिसलं तर वरचा हिशोब लागू. विंडोजच्या लॅपटॉपवर हीच माहिती वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये असते. आयफोन हा आकडा दाखवत नाही.

एक शक्यता मात्र आहे. फोन दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असूनही २.४ वर बसलेला असू शकतो. हल्लीचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुठे बसायचं ते फोन ठरवतो. २.४ चा सिग्नल लांबवर जास्त ठसठशीत पोचतो, म्हणून अंगणातून घरात येणारा फोन आधी तो पकडतो आणि राउटरच्या शेजारी येऊन बसला तरी कधीकधी तिथेच चिकटून राहतो. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं देऊन दोन दिवस बघा. ५ वाल्या नावाला जोडल्यावर तोच फोन १५० दाखवू लागला, तर प्रश्न तिथेच मिटला.

केबल लावूनही ९४ का, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे, कारण याचं उत्तर आकड्यातच लिहिलेलं आहे. १०० एमबीपीएसच्या जुन्या लॅन पोर्टमधून (केबल खुपसायच्या खाचेतून) पाकिटांवरचे पत्ते-शिक्के वजा जाता ९४-९५ च येतात. ९४ दिसलं की कुठेतरी १०० ची चाळण बसलेली आहे असं खुशाल समजा. ती तीन ठिकाणी असू शकते. कॉम्प्युटरचं पोर्ट जुनं असेल, राउटरची पोर्टं १०० ची असतील, नाहीतर केबलमध्ये खोट असेल. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० एमबीपीएसला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल किंवा खिडकीच्या फटीत दबून तुटली असेल, तर दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. दोन वर्षं १०० वर चाललेली केबल मी नुसतं टोक कापून नवा कनेक्टर बसवून सरळ केलेली आहे.

केबल घ्यायला जळगावच्या गोलाणी मार्केटला गेलात, तर पातं लावून एक तार खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. स्वस्त पडते, पण लांब अंतरावर दगा देते आणि वाकवली की तुटते. आतपर्यंत तांबूस असेल तीच घ्या.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही इथेच सांगतो, कारण राउटर बदलायला निघालेले सगळे त्यालाच भुलतात. 'एसी १२००' म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज करून वर फिरवलेला आकडा. एकाच पट्ट्यावर बसलेल्या फोनला बाराशे कधीच मिळत नाहीत. आणि अशा कित्येक राउटरांना मागे पोर्टं १०० ची असतात. मग कनेक्शन २०० चं असो की ३०० चं, राउटरच्या दारातच ९४ होतात. तुमच्या लॅपटॉपला १९० मिळताहेत, म्हणजे बाहेरून येणारी वाट तरी तुमच्याकडे मोकळी आहे.

आता सासऱ्यांच्या लॅपटॉपचे ६. या आकड्यावर जास्त बोलणार आहे, कारण तो एकट्या त्यांचाच त्रास नाही.

सिग्नल स्पष्ट असला की राउटर आणि उपकरण भरभर बोलतात. वाय-फाय ६ मध्ये एका ठेक्यावर १० बिट जातात. सिग्नल अंधूक झाला की ८, ६, ४ करत शेवटी एका ठेक्यावर एकच बिट. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना आपण शेजारच्या माणसाशी एकेक शब्द सुटा करून ओरडतो, तसंच. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० झकास, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, -७५ ला कुरकुर सुरू, -८० ला रडत-खडत. हा हिशोब सरळ रेषेत चालत नाही. १० ने आकडा घसरला की ताकद दहावा हिस्सा उरते. एक स्लॅब आणि दोन भिंती ओलांडून जुन्या लॅपटॉपची लिंक १३ वर आली असेल, तर हातात ६ च पडणार.

भिंतींचं म्हणाल तर आपल्याकडची घरं पुस्तकातल्या घरांसारखी नाहीत. स्लॅबमध्ये लोखंडी जाळी असते. जुन्या धाब्याच्या घरात पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती असतात. त्या उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण ५ गिगाहर्ट्झला पलीकडे जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली की अजून वाईट, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. पत्र्याचं छत त्या परत फेकतं.

आणि कूलर. दरवर्षी एप्रिल लागला की मला ठरावीक घरांतून फोन येतात, "भाऊ, नेट स्लो झालं." एकदा जळगावला पिंप्राळ्यात एका घरी गेलो. हिवाळ्यात तिथे मीच आतल्या खोलीत ८० मोजून दिले होते, आता ९ येत होते. राउटर तोच, जागा तीच. फरक इतकाच की हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या दारात पत्र्याचा मोठा कूलर येऊन बसला होता. बाहेरून लोखंडी पत्रा, आत ओल्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. लहरी अडवायला मुद्दाम काही बांधलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. कूलर खिडकीकडे सरकवला आणि राउटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दाराच्या सरळ रेषेत घेतला. आकडा ७० च्या वर गेला. तुमच्याकडेही आधी हेच बघा, कारण याला खर्च नाही.

उन्हाळ्याचीच दुसरी गोष्ट. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात, तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या पुढे जातं. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद टीव्ही युनिटच्या खणात ठेवलेला राउटर दुपारी हळू होतो, लटकतो, आपोआप बंद-चालू होतो. तो मोकळ्या हवेत ठेवा. वर रुमाल, विणलेलं कव्हर काही घालू नका.

झाडंसुद्धा अडवतात. रावेर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या घरापासून पॅकिंगच्या शेडपर्यंत मी ३०० मीटरचा वायरलेस दुवा टाकला होता, ५ गिगाहर्ट्झवर, दोन डिश समोरासमोर. मधल्या रानात केळीची रोपं नुकतीच लावलेली होती. सहा महिने सुरेख चाललं. मग वेग उतरू लागला, आणि सकाळी दव असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर दुवा तुटायलाच लागला. केळी डोक्यावरून गेली होती, आणि केळीचं पान म्हणजे पाण्याने भरलेला पडदा. डिशला डिश दिसत होती, तरी पुरेसं नव्हतं. ३०० मीटरच्या दुव्याला मध्यावर सरळ रेषेच्या सभोवार साधारण २ मीटर जागा मोकळी लागते. दोन्हीकडचे खांब दहा-दहा फुटांनी उंच केले तेव्हा वेग पूर्ववत झाला. तेव्हापासून शेतातल्या कामात मी आधी पीक कोणतं ते विचारतो.

आता त्या ६ चा त्रास बाकीच्यांना कसा होतो ते सांगतो. तापीच्या काठच्या रस्त्यांवर जुने एकेरी पूल तुम्ही पाहिले असतील. एका वेळी एकच वाहन, आळीपाळीने. कापसाने भरलेली बैलगाडी पुलावर चढली की मागची मोटार कितीही वेगवान असो, तिने थांबायचं. वाय-फायचा जुना न्याय हाच आहे. प्रत्येकाला एकेक पाळी मिळते, पण पाळीला किती वेळ लागला ते कोणी मोजत नाही. १० मेगाबाइटची फाइल, म्हणजे ८० मेगाबिट. हातात ४०० एमबीपीएस येणारा लॅपटॉप ती पाव सेकंदाच्या आत उतरवेल. ४ वर चालणाऱ्या उपकरणाला वीस सेकंद लागतात, आणि त्याच पट्ट्यावरच्या बाकी सगळ्यांना त्या वीस सेकंदांतल्या फटींतून आपलं काम उरकावं लागतं. म्हणून आजोबांनी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी, वर भजनाचा व्हिडिओ लावला की खाली, त्याच पट्ट्यावरच्या तुमच्या फोनचा ४० चाही २० होतो. चांगल्या राउटरमध्ये पाळीऐवजी वेळ समान वाटण्याची सोय असते. सेटिंग्जमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' दिसलं तर चालू करा. पण सर्वात मंद उपकरणाची लिंक सुधारणं हा खरा इलाज आहे. घरात कोणाचं नेट आधी नीट करू असं मला विचारलं, तर मी नेहमी सर्वांत मागे पडलेल्याचं सांगतो, कारण त्याने सगळं घर सुधारतं.

वरच्या मजल्यासाठी लोक रिपीटर घेऊन येतात. साधा रिपीटर ऐकतो आणि तेच परत बोलतो, एकाच पट्ट्यावर, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय तो जिथे सिग्नल मेला आहे तिथेच लावतात, म्हणजे तो कमकुवत सिग्नलच पुढे पाठवतो. त्यापेक्षा जिन्याच्या कडेने एक केबल वर न्या आणि वर दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट वाय-फायवर देणारा डबा, बसवा. जुना राउटर घरात पडला असेल तर त्याचंही ॲक्सेस पॉइंटमध्ये रूपांतर करता येतं. केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि तुमच्या जिन्याला पंधरा-वीस मीटर पुरेल. मी जिथे जिथे हे केलं तिथून पुन्हा तक्रार आली नाही.

केबल शक्यच नसेल, तर निदान २.४ चा पट्टा नीट लावा. त्यात भारतात १३ चॅनल, म्हणजे वाटा आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. शेजारी सगळे ६ वर असतील तर आपण १ किंवा ११ घ्यायचं. मधलं ३ किंवा ८ घेऊन सुटका होत नाही, उलट दोन्हीकडचा कालवा ऐकावा लागतो. चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा. दाट वस्तीत २.४ वर ४० ठेवणं म्हणजे अर्धा रस्ता अडवून आपणच त्यात अडकणं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ताक-भाकरीच्या वेळी नेट अडत असेल तर तो चालू-बंद करून बघा.

फोनची आणखी एक मर्यादा आहे, जी स्पीड टेस्टमध्ये पटकन दिसत नाही. राउटर साधारण १०० मिलिवॅटने बोलतो, फोन बॅटरी वाचवायला त्याच्या निम्म्याहून कमी ताकदीने. त्यामुळे दूरच्या खोलीत सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात, डाउनलोड बरं येतं, पण आपला आवाज समोरच्याला तुटक जातो. अशा वेळी राउटरची ताकद वाढवून उपयोग थोडा, फोन आणि राउटर यांच्यातलं अंतर कमी केलं पाहिजे.

स्पीड टेस्ट करताना इतकंच सांभाळा: प्रत्येक उपकरणावर तोच सर्व्हर निवडा, व्हीपीएन बंद ठेवा, फोनवर फोटोंचा बॅकअप चालू नाही ना ते बघा, आणि दोन उपकरणांवर एकाच वेळी टेस्ट लावू नका. डाउनलोडच्या खिडकीत ५ दिसलं तर ते मेगाबाइट असतात, त्याचे ४० मेगाबिट होतात. या गोंधळातून कित्येकांनी कंपनीशी भांडणं केलेली आहेत.

राहिला टीव्ही. टीव्हीतलं वाय-फाय बहुधा सर्वांत स्वस्त जातीचं असतं, अनेकदा फक्त २.४ वालं, आणि त्याची इवलीशी अँटेना पाठीमागे पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये चेपलेली. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये टेस्ट केली असेल तर प्रोसेसर मंद असल्यामुळेही आकडा कमी येतो. तुमचा राउटर हॉलमध्येच असेल, तर तिथून दोन मीटर केबल टीव्हीला लावा. टीव्हीचं पोर्टसुद्धा १०० चंच असेल, पण फोर-के सिनेमाला साधारण २५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे ९४ त्याला भरपूर झाले. आणि तो वाय-फायवरून उतरला की २.४ च्या पुलावरची एक बैलगाडी कमी झाली. जिन्याची केबल ओढायला माणूस येईपर्यंत आजोबांचं भजन त्या जागेत बरंच नीट चालेल.